डग्ग्याचा लाल दिवा

दादा लय वाढवतो. आमच्या घरात ही गोष्ट गेली पंचवीस वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे मीच ती सगळ्यांना सांगितलेली आहे. दादा माझा आत्येभाऊ. तो तबल्यावर बसतो, मी गिटार घेऊन त्याच्या डाव्या हाताला. सोसायटीचा गणपती, कुणाची साठी, कोजागरी, कुठेही वाजवून झालं की तारा पुसता पुसता माझा ठरलेला विनोद व्हायचा: "गाणं सुरू झालं तेव्हा बैलगाडीत बसलो होतो, उतरलो तेव्हा डेक्कन क्वीन होती." मंडळी हसायची. दादाही हसायचा आणि तबल्याला खोळ घालायचा.

या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा नीट रेकॉर्डिंग केलं. निमित्त काकांचं. काका म्हणजे आमचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले, पेटीवाले. ते जूनमध्ये मुलाकडे बंगळुरूला कायमचे जाणार होते. एवढी वर्षं आम्ही चौघं वाजवतोय आणि आमच्याकडे पुरावा काय, तर कुणाच्या तरी मोबाइलवर घेतलेले, वाटीचमच्यांच्या आवाजातले तुकडे. मग मी पेटून उठलो. चार माइकचा एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारा डबा, सेकंडहँड घेतला. एक कंडेन्सर माइक होताच, एसएम५७ नावाचे दोन होते, चौथा एका मित्राकडून उसना आणला. लॅपटॉपवर रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घातलं. ते साठ दिवस फुकट वापरून बघता येतं, आणि साठ दिवसांत आपलं काम उरकेल असं मला वाटलं होतं.

डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरचा दहा बाय चौदाचा हॉल. मध्ये उभं राहून टाळी वाजवली की भिंतीभिंतींतून टर्र्र असा बारीक थरथराट परत येतो. इतकी वर्षं इथे राहतोय, कधी ऐकू आला नव्हता. दोन उघड्या समांतर भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा आपटत राहतो, त्याचं ते टर्र्र. त्यावर स्टुडिओवाले महागडे फोमचे पत्रे लावतात. आम्ही गाद्या उभ्या केल्या, आईच्या हातच्या दोन गोधड्या पडद्याच्या दांडीवर टाकल्या, आणि साड्यांच्या कपाटाची दारं सताड उघडली. दुसऱ्यांदा टाळी वाजवली तर टर्र्र गायब. सुती साड्यांची चवड आवाज किती गिळते हे कळायला माणसानं एकदा तरी कपाट उघडं ठेवून गावं.

मग शांतता मिळवायची. पंखा बंद. मे महिन्यात डोंबिवलीत पंखा बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरगावच्या वाचकाला शब्दांत सांगता येणार नाही. फ्रिज बंद. त्यानंतरही हेडफोनमध्ये एक खर्जातला 'हं' येतच होता. वीस मिनिटं वायरी उलटसुलट करून झाल्यावर लेकीनं लॅपटॉपचा चार्जर उपटला, आणि तो 'हं' थांबला. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते, अर्थिंग धड नसलं की तेच हेलकावे माइकच्या वायरीत शिरून गुणगुणू लागतात. पुढचे तीन तास लॅपटॉपच्या बॅटरीवर काढले, मध्ये मध्ये चहाच्या सुट्टीत चार्ज करत.

बाहेरच्या आवाजांवर मात्र उपाय नव्हता. लोकल दर काही मिनिटांनी जाते. तिची लय सांभाळून टेक घ्यायचे. भंगारवाला, शेजारचा कुकर, आंब्यावरची कोकिळा. कोकिळेनं अभंगाच्या शेवटच्या ओळीत जो सूर लावला तो काकांच्या मते बरोबर होता, म्हणून तो टेक ठेवला.

सूर लावण्याचं प्रकरण वेगळंच. वहिनी, म्हणजे दादाची बायको, काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गातात. काकांची पेटी चाळीस वर्षांची. गिटारच्या ट्यूनरवर तिचा स्वर ४४० हर्ट्झऐवजी ४४३ दाखवत होता, म्हणजे किंचित चढा. पेटीचा स्वभाव जुन्या हेडक्लार्कसारखा असतो, ती हलत नाही, बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं. मी गिटार पेटीवर लावली आणि पहिल्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा चढवला. दादानं तबला काळी दोनला, म्हणजे वहिनींच्या पंचमाला घेतला. पण दमट हवेत तबल्याची चामड्याची पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो, त्यामुळे दर गाण्याआधी त्याची हातोडी गट्ट्यांवर ठकठक करायची. काका म्हणाले, "पेटीला नावं ठेवणाऱ्यांनी हे बघावं. ऐंशी टक्के वेळ ठोकण्यात जातो." १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला दार बंद केलं, ते तीस वर्षं उघडलं नाही, याचा राग काका स्वतःवरच्या अन्यायासारखा बाळगून आहेत. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक स्वर, निघत नाहीत, असे आक्षेप होते. "निघत नाहीत," काका म्हणतात, "पण गाणारा चुकत असेल तर त्याला सांगतं कोण?"

तबला मात्र ठोकून घेण्याच्या लायकीचा आहे खरा. चामड्याच्या साध्या वाद्याला नेमका असा स्वर नसतो, नुसता धप्प आवाज असतो. तबल्याची शाई हा सगळा चमत्कार घडवते. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये यावर लिहिलं: मधल्या त्या काळ्या लेपामुळे पुडीची कंपनं एकमेकांच्या पटीत येतात, तारेच्या वाद्यासारखी. पुढे मिक्सिंग करताना स्क्रीनवर दादाच्या 'तिं'चा आलेख बघितला तेव्हा खरंच शिडीच्या पायऱ्यांसारखी सारख्या अंतरावर उभी टोकं दिसली. नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी हा माणूस तबला ऐकत बसला होता, हे मला फार आवडतं.

इंटरफेसला माइकची भोकं चारच, आणि वाद्यं-गळे मिळून चार. म्हणजे तबला आणि त्याचा डाव्या हाताचा जोडीदार डग्गा यांना मिळून एकच माइक. दोघांच्या मध्ये, वीतभर वर. डग्ग्याला वेगळा माइक हवा होता, ही रुखरुख शेवटपर्यंत राहिली. वहिनींचा माइक असा ठेवला की त्याची पाठ बरोबर तबल्याकडे येईल, कारण या जातीचा माइक पाठीमागचं जवळजवळ ऐकत नाही. बाकीच्यांसाठी एक ढोबळ नियम पाळला: वाद्य माइकपासून जितकं लांब, त्याच्या तिप्पट तरी दोन माइकमध्ये अंतर हवं. दहा बाय चौदामध्ये, चार माणसं मांडी घालून बसल्यावर, हा नियम पाळता पाळता काका जवळपास स्वयंपाकघरात गेले.

ही माणसं हलवण्याची कला जुनी आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्यानं गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा माइकच नव्हता. एक कर्णा. त्यात तोंड घालून गायचं आणि तीनेक मिनिटांत संपवायचं. कुणाचा आवाज मोठा हवा, तर त्याला कर्ण्याजवळ सरकवायचं. लहान हवा, तर मागं बसवायचं. मिक्सिंग म्हणजे हेच होतं, बसण्याची जागा. शेवटी गौहरजान इंग्रजीत आपलं नाव सांगत. तबकड्या जर्मनीत बनायच्या, तिथल्या कारागिरांना ही कोण गायली ते कळावं म्हणून. वीजेवर चालणारा माइक यायला १९२५ उजाडलं. त्या काळच्या तबकडीत सगळं एकदा गोठलं की गोठलं. कोण पुढे गेलं, कोण मागे राहिलं, हे उकलून बघायची सोय नव्हती. सुटले बिचारे.

आमच्या कॉम्प्युटरवर मात्र चौघांच्या चार वेगळ्या पट्ट्या. सेकंदाला ४८,००० वेळा नोंद, प्रत्येक नोंद २४ बिटची. चार माइकचे मिळून तासाला दोन जीबी. मी लेकीला बसवलं लेव्हल बघायला. सांगितलं, आवाज कितीही चढला तरी मीटर शून्याला शिवता कामा नये, त्याच्या १२ डेसिबल खालीच राहायला हवा. टेपच्या काळात थोडं वर गेलं तर आवाज जरा जाडसर व्हायचा, चांगलाही लागायचा. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काहीच नसतं. तिथे लाट वरून कापली जाते आणि कापलेलं परत मिळत नाही.

"बाबा, डग्ग्याचा लाल दिवा लागतोय."

"गेन कमी कर, त्या माइकचा जोर."

केला. पाच मिनिटांनी पुन्हा. "बाबा, परत."

"दादा, डग्गा जरा बेतानं रे."

"बरं," दादा म्हणाला आणि हाताला पावडर लावली. पुढच्या गाण्यात पुन्हा लाल दिवा. सतत नाही, तालाच्या दोन-तीन आवर्तनांनी, म्हणजे फेऱ्यांनी एकदा, समेवर, फेरीच्या पहिल्या मात्रेला, अचानक गुम्म करून. बाकी वेळ तो आपला छान मऊ वाजवत होता. मला वाटलं, वय झालं, हातावर ताबा राहिला नाही. मीही त्याच वयाचा आहे, दीडच वर्षानं लहान, हे त्या क्षणी सोयीस्कर विसरलो.

तीन गाणी घेतली. एक अभंग, त्याला काकांची चाल. एक जुनी आमचीच कविता, दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात. आणि एक नुसतंच वाद्यांचं. दादऱ्याच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी माझी पहिली तार तुटली. गाल थोडक्यात वाचला. मी हात वर करून खुणेनं सांगितलं, थांबू नका. ते तिघं पुढे गात-वाजवत राहिले, मी लोंबती तार काढून टाकली आणि तिसऱ्या कडव्याला पाच तारांवर परत आत शिरलो. तो टेक सगळ्यांत चांगला झाला असं वहिनी म्हणाल्या. मला ते तेव्हा सौजन्य वाटलं.

काका गेले. जून लागला, पाऊस आला, आणि मी रोज रात्री जेवणं झाल्यावर हेडफोन लावून बसू लागलो.

मिक्सिंग ही गोष्ट बाहेरून जादूसारखी दिसते, आतून ती धुणीभांडी आहे. आधी नको ते काढायचं. वहिनींचा गळा मंद्र पंचमाला, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प ला गेला तरी दीडशे हर्ट्झच्या खाली उतरत नाही, म्हणून त्यांच्या पट्टीतलं शंभरच्या खालचं सगळं कापून टाकलं: लोकलची घरघर, जमिनीतून आलेली डग्ग्याची धमक, कुणाच्या तरी गुडघ्याचा धक्का. पेटी दोनशे-तीनशेच्या आसपास फार दाटते, तिथे गिटारही असते, पुरुषी गळाही असतो. सगळे मिळून चिखल करतात. तिथे पेटी थोडी खाली. पण खरी मारामारी वर, दोन ते चार हजारांत. शब्द तिथे कळतात: क, च, ट, त. आणि नेमक्या तिथेच पेटीच्या पितळी पट्ट्या करकरतात. पेटी त्या जागी तीन डेसिबल उतरवली आणि वहिनींचे शब्द धुतल्यासारखे पुढे आले, त्यांचा आवाज एक टिंबही न वाढवता. या एका गोष्टीनं मला इतका आनंद झाला की रात्री साडेबाराला बायकोला उठवून ऐकवलं. तिनं ऐकलं, "छान" म्हणाली आणि कूस बदलली.

चुकाही मन लावून केल्या. पहिली म्हणजे रिव्हर्ब, आवाजाला घुमारा देण्याची सोय. १९४७ साली शिकागोत बिल पटनम या माणसानं स्टुडिओच्या बाथरूममध्ये स्पीकर आणि माइक ठेवून गाण्याला असा घुमारा दिला होता. आज तेच बाथरूम, शिवाय कॅथीड्रल, घुमट, गुहा, सगळं एका बटणात. मी वहिनींना देवळाचा गाभारा दिला. दादाला फोनवर पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "हिला विहिरीत ढकलून गाणं घेतलंस काय?"

दुसरी चूक, रात्रीच्या वेळी हळू आवाजात मिक्स करून खर्ज वाढवत नेणं. आवाज बारीक असला की आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मनसन या दोघांनी १९३३ साली हे मोजून दाखवलंय. मला ते वाचूनही उमगलं नव्हतं. सकाळी तेच गाणं गाडीत लावलं तर दारं थरथरली. मग मी एकेक मिक्स गाडीत, स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर, फोनवर, अशा फेऱ्या मारून ऐकू लागलो. फोनवर डग्गा मुळी नसतोच.

आणि काकांना काहीही पाठवलं तरी बंगळुरूहून एकच उत्तर: "पेटी किंचित वर घे." प्रत्येक वाजवणाऱ्याला आपलंच वाद्य कमी वाटतं. मी स्वतः मिक्स करत असल्यामुळे गिटार कमी असण्याचा प्रश्नच नव्हता.

तबल्याच्या पट्टीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. ते समेवरचे गुम्म फार त्रास देत होते. एवढी टोकं वर आली की बाकी सगळं गाणं त्यांच्या धाकानं खाली ठेवावं लागतं. त्यावर औषध कंप्रेसर. तो ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज दाबतो. तीनास एक ठेवला तर तीन डेसिबल वर गेलेला एकच वर जातो. मी चारास एक ठेवला. प्रत्येक गुम्मवर त्याचा काटा सपकन खाली यायचा आणि डग्गा शहाण्या मुलासारखा रांगेत बसायचा. दादऱ्याच्या दुसऱ्या कडव्यात तर काटा जवळजवळ हललाच नाही. तेवढ्यापुरता तरी बरा वाजवलाय, असं मनाशी म्हणालो.

मग गिटारला थोडा प्रतिध्वनी द्यावा असं मनात आलं. तो तालात पडायचा तर कॉम्प्युटरला लय सांगावी लागते. आम्ही मेट्रोनोम लावून वाजवलं नव्हतं, तेव्हा एकेक सम शोधून तिथे खूण करणं आलं. दादऱ्याचं गाणं घेतलं. सम, खूण, सम, खूण. रीपर प्रत्येक खुणेला मिनिटाची मात्रासंख्या दाखवत गेलं. सुरुवात १०८. पहिलं कडवं संपताना ११२. दुसऱ्याच्या तोंडाशी ११६.

सापडला चोर! पंचवीस वर्षांनी लेखी पुरावा. मी स्क्रीनचा फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकण्यासाठी मजकूर लिहिला, त्यात डेक्कन क्वीन घातलीच. पाठवण्याआधी वाटलं, तो नेमका किती पुढे पळतोय तेही दाखवावं, म्हणजे बोलती बंद. म्हणून एका समेवर खूप झूम करून गेलो. वरच्या पट्टीत माझी गिटार, खालच्या पट्टीत त्याचा तबला. दोन्ही ठोक्यांची तोंडं स्वच्छ दिसत होती.

गिटार आधी होती. तीस मिलिसेकंद.

एखाद्या ठिकाणी होतं असं. पुढची सम बघितली. पंचवीस. पुढची, पस्तीस. पुढची, वीस. सगळीकडे गिटार आधी, तबला मागून.

माझं डोकं वकिलासारखं चालू लागलं. पहिला मुद्दा: कॉम्प्युटर उशीर लावत असेल. बफर असतो ना! आलेला आवाज थोडा साठवून मग पुढे सोडतो तो. १०२४ नोंदींचा बफर असेल तर एकवीस मिलिसेकंद जातातच. पण चारही माइक एकाच डब्यातून, एकाच घड्याळावर आत गेले होते. उशीर झाला तर चौघांना सारखाच. दुसरा मुद्दा: आवाजाला पोचायला वेळ लागतो. लागतो, एका मिलिसेकंदात तो चौतीस सेंटिमीटर जातो. पण मी गिटार गिटारच्या माइकमध्ये बघत होतो, तबला तबल्याच्या. दोघंही आपापल्या माइकपासून फूटभराच्या आत. तिसरा मुद्दा: गिटारचा झंकार पसरट असतो, पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंत हात जायला वेळ लागतो. लागतो, मग मी झंकाराच्या मध्यापासून मोजलं. तरी आधीच. चौथा मुद्दा काकांवर ढकलणं. पेटीची सुरुवात भात्यामुळे इतकी मऊ असते की तिथे बोटच ठेवता येत नाही. काका सुटले.

शेवटचा मुद्दा माझ्या मते भक्कम होता. मी आधी असेन, पण दादानं लय वाढवत नेली म्हणून मला पुढे राहावं लागलं असेल. त्याला उत्तर गाण्यातच होतं. तार तुटली होती. दुसऱ्या कडव्यात मी नव्हतोच.

खुणा पुढे टाकत गेलो. तार तुटली तिथे ११६. पुढचं आवर्तन ११४. मग ११२. मग १११. आणि मग १११, १११, १११. सव्वा मिनिट, मोजून तेवीस आवर्तनं, लय देवघरातल्या समईसारखी स्थिर. तिसऱ्या कडव्याला मी पाच तारांनिशी परत आलो. ११३. ११५. गाणं संपलं तेव्हा ११८.

अभंग उघडून बघितला. अभंगात शेवटी लय चढवायचीच असते, तिथे आसरा मिळेल म्हणून. पण तिथेही तेच, चढत्या जिन्यावर प्रत्येक पायरीला पहिला पाय माझाच.

ग्रुपवरचा मजकूर पुसला. फोटो राहिला फोनमध्ये.

मग जे करू नये ते केलं. माझी गिटार कापून, प्रत्येक झंकार उचलून तबल्याच्या बरोबर खाली नेऊन ठेवला. दोन रात्री लागल्या. कॉम्प्युटर हे इतक्या सफाईनं करू देतो की खोटेपणा वाटतही नाही. ऐकलं तर ठोका ठोक्यावर बसत होता, पण गाणं तरी शेवटी ११८ ला जाऊन पोचतच होतं. मी एकट्यानं पुढे सरकून भागलं नव्हतं, तिघांना बरोबर ओढून नेलं होतं. आता तर दिसायला असं दिसत होतं की तबलाच पुढे नेतोय आणि गिटार इमानदारीत त्याच्या मागे. हे पाहिल्यावर मात्र सगळं कापाकापीचं काम रद्द केलं.

पुढच्या रविवारी दादा आणि वहिनी जेवायला आले. बासुंदी होती, ती सगळ्यांना दोन-दोन वाट्या मिळेपर्यंत मी विषय काढला नाही. मग दादाला लॅपटॉपसमोर बसवलं आणि आकडे दाखवले. तार तुटलेली जागा दाखवली. बोललो काहीच नाही, बोट फिरवत गेलो.

दादानं चष्मा वर केला, खाली केला. "हे एकशे अकरा कुठे आहे?"

"मी नव्हतो तिथे."

"हं."

वहिनी मागं उभ्या राहून बघत होत्या. "भाऊजी, यासाठी एवढं मशिन आणलंत? आमच्या घरात हे पहिल्यापासून माहीत आहे."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस रे? मी चारचौघांत तुझी..."

"बोलतच तर होतो," दादा म्हणाला. "पुढे गेलास की डग्गा मारायचो. दाबून. ऐकायचास की तू. दोन आवर्तनं ऐकायचास, मग परत पळायचास."

मला एकदम तो काटा आठवला. मी तबल्याची पट्टी उघडली आणि कंप्रेसर समोर ठेवून गाणं लावलं. पहिल्या कडव्यात गुम्म, काटा खाली. मी उठून बघितलं: त्याच्या आधीच्याच समेला माझी गिटार पस्तीस मिलिसेकंद पुढे. गुम्मनंतर दोन आवर्तनं पंधरा, अठरा. मग परत तीस, आणि परत गुम्म. दुसरं कडवं आलं, माझी तार तुटली, आणि काटा जागचा हलेना. तेवीस आवर्तनं दादा नखानं वाजवावं तसा अलगद वाजवत होता. लाल दिव्याला कारणच उरलं नव्हतं.

महिनाभर मी रोज रात्री बसून चारास एक या हिशेबानं तेच दाबत होतो.

कंप्रेसर काढून टाकला. गाणं परत पहिल्यापासून लावलं, स्पीकरवर, मोठ्यानं. गुम्म. वहिनी हसल्या. पुढचा गुम्म येणार ते मला आता आधीच कळत होतं, कारण माझी गिटार घाईत आलेली मला ऐकू येत होती, आकड्यांशिवाय. दादा डोळे मिटून मांडीवर ठेका धरून होता. तिसरं कडवं संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही. काकांना पाठवायची फाइल मी तशीच बाहेर काढली, पेटी किंचित वर घेऊन.

निघताना दादा दारात चपला घालत होता.

"त्या तुझ्या गिटारला जरा जाड तारा बसव," तो म्हणाला. "या फार लवकर तुटतात."

दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

"नाहीतर नको बसवूस."